एका पुठ्ठ्यात दोघी

आमच्या सुनेला खोटं बोलायची सवय नाही, आणि तिथंच सगळा घोळ झाला. सवयीची माणसं निदान बेतानं बोलतात. हिनं आयुष्यात एकदा खोटं बोलायला तोंड उघडलं, तेही लायब्ररीत चारचौघींसमोर, माझ्यासाठी, आणि मला न विचारता. मीठ संपलं तर विचारायला येते. माझी चूक उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवताना मात्र हिला विचारावंसं वाटलं नाही.

आमचं घर बाइंडिंगवाल्यांचं. पुढची खोली कामाची, मागची राहायची, आणि खळीचा वास दोन्हीकडे सारखा. आमचे हे होते तोवर कापायचं मशीन ते चालवत. आता मुलगा चालवतो आणि संध्याकाळी कंबर धरून बसतो. शिवण माझी. जुनं पुस्तक आलं की ते उसवायचं, पानांच्या घड्या सुट्या करायच्या, त्यांना आम्ही फर्मे म्हणतो. फाटलेलं चिकटवायचं, फर्मे पुन्हा ओळीनं लावायचे, दोऱ्यानं शिवायचे, वर पुठ्ठा चढवून शिकंज्यात दाबायचं. माझ्या हातचं पुस्तक कुणाला फेकून मारलं तर माणूस आडवा होईल, पण पान सुटणार नाही.

शाळेत मी गेले ती नावापुरती. आकडे मला पटकन कळतात, अक्षरं एकेक करून जुळवावी लागतात. म्हणून फर्मे लावताना मी पानांचे आकडे बघते, मजकुराच्या वाटेला जात नाही. बाइंडरनं वाचायचं नसतं, वाचायला लागला की हात थांबतो, असं हे म्हणायचे. सून आली आणि हा नियम बुडाला. ती पान चिकटवता चिकटवता वाचते. खळ वाळून जाते आणि ही पुढचं पान शोधत बसते.

"अगं, पुस्तक त्यांचं. आपला फक्त दोरा," मी म्हणायची.

"एवढंच संपवते, आई."

"एवढंच एवढंच करत काल भाजी करपवलीस."

"ती तुमच्या मुलानं करपवली. मी बघायला सांगितलं होतं त्याला."

मशीनमागून मुलगा म्हणाला, "बघतच होतो की. ढवळायला कुणी सांगितलं होतं?"

तर असं आमचं चाललेलं. त्यात लायब्ररीत नव्या बाई आल्या. त्यांनी मागच्या खोलीतलं एक बंद कपाट उघडलं, तर आत सगळी बायकांनी लिहिलेली जुनी पुस्तकं. कुणाचा पुठ्ठा गेलेला, कुणाचं पहिलं पान, कुणाच्या पाठीला उंदीर लागलेला. कपाट भरून होतं आणि वर्षानुवर्षं कुणी नेलेलं नव्हतं. बाई ती गठ्ठ्यागठ्ठ्यानं आमच्याकडे पाठवू लागल्या. सुनेची अवस्था अशी, की माहेरचं माणूस आल्यावर पोरगी बघा कशी दारातच हात धरून बसवून घेते.

"बायकांनी एवढं लिहून ठेवलंय, आई, आणि कुणाला पत्ताच नाही."

"बायका रोज बोलतात, त्याचा तरी कुणाला पत्ता असतो?" मी म्हटलं.

लायब्ररीत दर आठवड्याला दुपारी बायका जमत. त्यातलं एकेक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि त्यावर बोलायचं. बाईंनी हिलाही बोलावलं. मी कुरकुर केली, कारण कुरकुर केल्याशिवाय सोडलं तर उद्या आणखी काही मागतील. पण पाठवलं. परत आली की मी शिवत असताना ती सगळं सांगायची, कोण काय म्हणालं, कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं. माझ्या बोटांना हल्ली दुपारनंतर दोरा ओढवत नाही. ती बोलत असली की ओढवायचा. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

एक पुस्तक त्यांच्यात फार गाजलं. एका बाईनं स्वतःचं आयुष्य लिहिलेलं. सासरी चुलीवर हिचा उजवा हात भाजला, बोटं वाकडी झाली, तरी काम सुटलं नाही. अर्धं पुस्तक नुसतं सोसणं. कोरडं, मोजून मापून लिहिलेलं. आणि मग अर्ध्यातून पुढे ही बाई हसायला लागते. सासूच्या नकला करते, नवऱ्याला कोपरखळ्या मारते, अंगणात झाडं लावते.

"शिवणकाम करते ना ती आमच्यातली, ती रडलीच वाचून," सून म्हणाली. "म्हणाली, एवढं भोगून बाई हसू शकते, तर मीही बघते हसून."

"काय झालं हसायला लागायला? कुणी मेलं का तिच्या घरी?"

"तेच तर लिहिलेलं नाही. त्यावरच सगळ्यांचं भांडण. कुणी म्हणतं, मुद्दाम सोडलंय."

मला ती बाई आवडली होती. शिवताना मनात यायची. म्हटलं, बरं झालं, हसली एकदाची.

त्यानंतरच्या आठवड्यात सून लायब्ररीतून आली ती गप्प. खळ ढवळली, पुठ्ठे कापले, जेवायला वाढलं, सगळं तोंडाला कुलूप लावून. मुलाला विचारलं, "तू काही बोललास का?" तर म्हणाला, "मी बोललो असतो तर ती गप्प बसली असती का?" खरं होतं. मी तिला विचारलं नाही. माझ्या घरात मी का विचारत फिरू?

परवा दुपारी लायब्ररीच्या बाई स्वतः आल्या. पिशवीतून दोन पुस्तकं काढली, आमच्याच हिरव्या कापडाची.

"आजी, कशा आहात?"

"तुमची आजी असते तर तुम्हाला दारात उभं ठेवलं नसतं. बसा."

बाई हसल्या, पण ओढून. म्हणाल्या, "रागावू नका हं. सूनबाईंनी सांगितलंच असेल. आमच्याकडे एक सिस्टर येतात, हॉस्पिटलातनं निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, असा भाजलेला हात कधी सरळ होत नाही, मग ही बाई पुढे दोन्ही हातांनी चादर कशी पिळते? तेव्हा कपाटातलं दुसरं पुस्तक काढून ताडून पाहिलं. एकाच छापखान्यातली दोन्ही, आकार तोच, अक्षर तेच, मधलं प्रकरणही दोन्हीत एकाच पानावर संपतं. हिचा पहिला अर्धा भाग आणि तिचा दुसरा, असं शिवलं गेलंय. त्या पुस्तकातही उलटं तेच."

मी सुनेकडे बघितलं. ती पुठ्ठ्यावर पट्टी ठेवून उभी होती आणि रेघ काही मारत नव्हती.

"सूनबाई लगेच म्हणाल्या, माझ्याकडून झालं, वाचायच्या नादात फर्मे उलटसुलट लागले," बाई म्हणाल्या. "चालायचंच. मुद्दाम कोण करतं? पण वरच्यांच्या कानावर गेलं. आता कपाटातली उरलेली पुस्तकं मशीनच्या बाइंडिंगला पाठवा म्हणतात. तिथं चिकटवून देतात, शिवत नाहीत. मलाच वाईट वाटतंय. एवढी दोन तेवढी नीट करून द्या, उद्या नेते."

मी पुस्तक हातात घेतलं, मधोमध उघडलं. दोरा दिसला. प्रत्येकाची गाठ वेगळी असते. सून गाठ आत ढकलते, मी डावीकडे दोन वेढे देऊन आवळते. ती गाठ माझी होती. दोन्ही पुस्तकांत.

"बाई," मी म्हटलं, "ही शिवण…"

"आई, चहा टाकते," सून मोठ्यानं म्हणाली आणि आत गेली. तिच्या आवाजाला मी एवढी बिचकले, की बाई उठून गेल्या तरी वाक्य अर्धंच राहिलं.

संताप आला. स्वतःचा कमी, तिचा जास्त. आत जाऊन उभी राहिले. चहा काही टाकलेला नव्हता.

"तुला कळलं होतं माझी गाठ आहे."

"हो."

"मग?"

"तुम्ही थकलाय, आई. त्या दिवशी फर्मे लावता लावता तुमचा डोळा लागला होता. दोन्ही गठ्ठे शेजारीशेजारी होते. मी बघितलं असतं तर… लोकांना काय, ते म्हणतील म्हातारीला दिसत नाही, काम काढून घ्या."

"काढलंच की! तुझं काढलं. तुझं ते कपाट गेलं मशीनकडे."

 तिचे डोळे भरले तशी ती फडक्यानं ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता.

मी दोन्ही पुस्तकं घेऊन पुढच्या खोलीत बसले आणि टाके कापले. स्वतःची शिवण उसवायला जड जातं. इतकी घट्ट का शिवते मी? मुलगा मशीन बंद करून आला, न बोलता दिवा जवळ ओढून दिला.

फर्मे सुटे झाले. आकडे दोन्हीकडे तेच. "ये, बस," मी सुनेला म्हटलं. "आकड्यांनी कळत नाही. वाच, आणि कुठली कोण ते सांग."

ती वाचायला लागली. एकीचं थोडं, मग दुसरीचं. मी ऐकत राहिले. दोघीही लिहितात, हे म्हणाले, सासूबाई बोलल्या, थोरल्या जाऊबाई रुसल्या, वन्सं आल्या. नाव कुणाचंच नाही. हे कामाला जातात आणि येतात, कुठल्या कामाला ते नाही. मी तरी कुठं घेते यांचं नाव? बायकांच्या जन्माला हीच माणसं, याच खोल्या. कुठंही शिवलं तरी बसतं. मी डोळे उघडे ठेवले असते, वाचता आलं असतं सरसर, तरी पटकन कळलं असतं की नाही कोण जाणे. पण सुनेला ऐकून कळत होतं. मलाही हळूहळू कळायला लागलं. एक बाई वाक्य झटकन तोडते, जणू कुणी हाक मारेल. दुसरी वाक्य लांबवत नेते आणि शेवटी गुदगुल्या करते.

"ही हसरी," मी म्हटलं.

"हो," सून म्हणाली. "ही पहिल्यापासूनच हसरी आहे."

मग हात भाजलेलीचा खरा उरलेला भाग वाचला. पुढेही तसाच. वाकड्या बोटांनी तीच कामं. शेवटच्या पानावर ती लिहिते, की हे सगळं डाव्या हातानं लिहिलंय, म्हणून उशीर झाला. संपलं.

"म्हणजे ती हसलीच नाही?" मी विचारलं.

"नाही."

सुनेनं तो शेवटचा फर्मा गठ्ठ्याखाली नीट ठेवला. मग हळूच म्हणाली, "आई, ती शिवणवाली… तिला काय सांगू? तसंच राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला. ओवेना. तिच्या हातात दिला, तिनं ओवून दिला. तेव्हा मी बोलले, मुलगा ऐकत होता तरी बोलले.

"बिघडलं असतं. त्या बाईनं डाव्या हातानं एवढं लिहिलं आणि हसली नाही, ते तिचं आहे. दुसरीचं हसू आणून तिच्या तोंडाला आपण चिकटवायचं नाही. शिवणवालीला सांग, हसरी दुसरी होती, तिचंही पुस्तक आहे, घे आणि वाच. आणि तशीच माझी चूक माझी आहे. मी थकलेय, मेले नाही. उद्या बाई आल्या की मी सांगणार गाठ कुणाची ते, आणि तू चहाचं नाव काढायचं नाहीस. काम काढायचं तर माझं काढा म्हणेन, कपाट सुनेकडे राहू दे. यापुढे फर्मे तू लावायचेस, वाचून लावायचेस. खळ वाळली तर दुसरी करू. आणि मनातल्या मनात वाचत बसू नकोस, मला ऐकू येईल असं वाच. पुन्हा माझ्यासाठी खोटं बोललीस ना, तर याच सुईनं तुझं तोंड शिवीन. माझी गाठ सुटत नाही, माहीत आहे तुला."