आजीबाईंना उभं करताना

मी एक जुना पट्टा आहे. मोठ्या जनावरांच्या दवाखान्यात, पडलेल्या प्राण्याच्या पोटाखाली सरकवून त्याला वर उचलणारा जाड कॅनव्हासचा पट्टा. मित्रांनो, जन्मापासून सांगायची रीत आहे, पण आत्ता सवड नाही. समोर तीन टनांची हत्तीण पडली आहे. तिला सगळे आजीबाई म्हणतात. हत्ती फार वेळ पडून राहिला, की स्वतःच्याच वजनाखाली त्याचा श्वास कोंडतो. सकाळपासून दोनदा मला लावलं. दोन्ही वेळा तिने सोंडेने मला भिरकावून दिलं.

तिसऱ्यांदा लावेपर्यंत थोडं सांगून घेतो. तंबू शिवणाऱ्या कारागिराने मला चार पदरी शिवलं. मी घोडे उचलले, गेंडा उचलला. एका उंटाने माझा कोपरा चावून पाहिला. फोटो निघाले! मग नवे हलके पट्टे आले आणि मी खुंटीवर धूळ खात पडलो. हत्ती मात्र त्यांना पेलेना, म्हणून आज मला धुऊनबिऊन—

थांबा. काका आले. छताच्या चेनपुलीने मला वर ओढणारे काका. रजेवरून धावत आले आहेत. त्यांनी मला हुंगलं.

"याला फिनाइलने कुणी धुतलं?"

"मीच सांगितलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जंतू नकोत."

"अहो बाई, जंतू गेले, ओळखही गेली! हत्ती नाकाने बघतो. पट्टा आधी तिच्या गवतात मुरवायचा असतो."

"हे लिहिलंय कुठे?"

"माझ्या डोक्यात."

"मग डोकं रजेवर नेत जाऊ नका!"

असं म्हणत बाईंनीच बाह्या सरसावल्या. मला साध्या पाण्याने खळखळून काढलं, आजीबाईंच्या अंथरुणातल्या गवताने घासलं, वर त्यांचीच लीद चोळली. काय थाट!

सोंड आली. माझ्यावरून फिरली. थांबली.

नाही फेकलं. मला पोटाखाली सरकवलं.

"ओढा!" बाई ओरडल्या.

खटक. खटक. चेन ताणली. माझा एक टाका उसवला. मग दुसरा.

"दम धर रे, म्हाताऱ्या," काका मला म्हणाले.

धरला. पुढचा पाय टेकला. मागचा थरथरला, घसरला, टेकला. आजीबाई उभ्या! त्यांनी अशी आरोळी ठोकली, की पत्रे दणाणले. डॉक्टरबाई हसत होत्या, रडत होत्या, आणि लीद लागलेल्या हातांनीच डोळे पुसत होत्या.

मित्रांनो, मागणं एवढंच. मला धुवा, पण ज्याला उचलायचं त्याच्या नाकाला विचारून धुवा. उसवलेले टाके आजच घाला. आणि आता जरा बाजूला व्हा. आजीबाईंना भूक लागली आहे.