बेंबीखालचे चौतीस

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा, मापाचा टेप आहे. टोकाची पितळी पट्टी सैल झालीय, आकडे पुसट झालेत. पण खोटं मी कधी बोललो नाही. माझं दुःख एवढंच, की मला कुणी योग्य जागी विचारलंच नाही.

भाईंदरच्या केबिन रोडवर शिंपी दशरथ मास्तरांच्या गळ्यात मी उभी हयात लोंबकळलो. सत्त्याऐंशी साली सहादेवराव पहिल्यांदा आले. चौदा एप्रिलच्या जयंतीला अंगात नवे पांढरे कपडे हवेतच, म्हणून मग दरवर्षी यायचे. कंबर चौतीस.

पुढे त्यांना ऑफिसात बढती मिळाली, फिरती सुटून खुर्ची आली आणि पोट पुढे निघालं. पँटनं मात्र शहाणपणानं माघार घेतली. ती बेंबीखाली उतरली. पँट जिथे, तिथेच मास्तर मला गुंडाळायचे. गिऱ्हाईक म्हणजे देव. देवाच्या पोटाला हात कोण लावणार? मग मी आपला हाडांवरून फिरून दरवर्षी तेच सांगायचो.

"बघ कांता, अजून लग्नातलीच कंबर!" सहादेवराव बायकोला म्हणायचे.

"कंबर लग्नातली हो. पण तिच्यावर टांगलंय ते कुणाचं?"

"ते खात्यापित्या घरचं लक्षण!"

मास्तर हसायचे. मी चडफडायचो. अरे, चार बोटं वर चढवा की मला! पण टेपचं कोण ऐकतो?

पंच्याण्णवच्या जयंतीला मिरवणुकीत चालता चालता सहादेवराव आमच्याच दुकानाच्या पायरीवर धापा टाकत बसले. नवा सदरा घामानं चिंब. कांताताईंचा चेहरा त्या सदऱ्याहून पांढरा. मास्तरांनी सहादेवरावांना धरून शेजारच्या दवाखान्यात नेलं. साखर वाढलेली, बीपी वाढलेलं.

"कंबर किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौतीस!" एवढं बोलायला दम होता.

डॉक्टरांनी मास्तरांच्या गळ्यातून मला ओढलं आणि थेट बेंबीवरून फिरवलं. जन्मात पहिल्यांदा! बेचाळीस.

"मास्तर, तुमचा टेप आटलाय," सहादेवराव पडल्या पडल्या म्हणाले.

"टेप नाही आटला," डॉक्टर म्हणाले. "ही चरबी नुसती कातडीखाली नसते. आत आतड्यांभोवती, यकृताभोवती साठते. शुगर, बीपी, हृदयाचा त्रास, सगळ्याला तीच आमंत्रण देते. आज थोडक्यात निभावलं."

कांताताईंनी मला मास्तरांकडून मागूनच घेतलं. आता मी त्यांच्या आरशाशेजारी खिळ्यावर असतो. दर रविवारी सहादेवराव मला गुंडाळतात. छाती फुगवून, पोट पाठीला चिकटवून.

"पोट सोडा आधी," कांताताई दटावतात. "त्या पायरीशी मला पुन्हा उभं करू नका."

मग ते पोट सोडतात आणि मी खरं बोलतो. सध्या एकेचाळीस.

मित्रांनो, तुम्हीही मला बेंबीवरूनच गुंडाळा. आणि कृपा करून पोट आत ओढू नका. मी फसेन हो. काळीज फसत नाही.