चौथा अर्ज

किल्लीचा लाल दोरा कीबोर्डच्या फटीत अडकला होता – एन्टरच्या अगदी शेजारी – आणि तो ओढून काढावा की राहू द्यावा, एवढंसुद्धा तिला ठरवता येत नव्हतं. भाड्याच्या खोलीची किल्ली. 'बघून या, पण सहापर्यंत काय ते कळवा,' घरमालकीण म्हणाली होती. खोली बघताक्षणीच आवडली होती... पण ताईला विचारायला हवं. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून बारा वर्षं ती ताईकडे राहत होती, आणि या बारा वर्षांत पंखा एकानं वाढवायचा तरी तिनं विचारलं होतं.

स्क्रीनवर शेवटची ओळ होती : परवानगी नाही.

चारशे तासांचं रानातलं रेकॉर्डिंग सर्व्हरवर पडून होतं. त्यातून पक्ष्यांचे आवाज वेगळे काढणारा प्रोग्रॅम आयता मिळत नव्हता, मूळ कोडपासून बांधून घ्यावा लागत होता. सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना प्रयोगशाळेत सगळे किल्लेदार म्हणत. त्यांना तिनं तीन अर्ज केले; तिन्हींना एकच उत्तर – बघू. आज वैतागून तिनं स्वतःच बांधायला घेतला, बांधूनही झाला, आणि बसवताना घोडं अडलं ते इथं.

सवयीनं चौथा अर्ज लिहायला घेतला. 'कृपया'पर्यंत आली... आणि मग, निव्वळ टाळाटाळ म्हणून, प्रोग्रॅमबरोबर आलेली, कुणीच वाचत नाही ती सूचनांची फाइल उघडली. बऱ्याच खाली एक साधं वाक्य होतं – सगळ्यांसाठी बसवायचा नसेल तर स्वतःच्या फोल्डरचा पत्ता द्या.

एवढंच? तिनं पत्ता दिला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि ओळी धावू लागल्या – कंपायलर आहे का? आहे. गणिताची लायब्ररी आहे का? आहे. आवाजाची? आहे... आहे, आहे, आहे – ते यंत्र जगातलं सगळं विचारत होतं, फक्त परवानगी आहे का, हे कुठंच विचारत नव्हतं.

प्रोग्रॅम बसला. तिनं एक रेकॉर्डिंग दिलं, आणि अर्ध्या मिनिटात एकेक आवाज वेळेसकट स्क्रीनवर उतरला. ती खुर्चीतून उठलीच. किल्लेदार दारातून चहाचा कप घेऊन चालले होते.

"झालं वाटतं काम?"

"झालं. माझ्याच फोल्डरमध्ये बसवलं. चालेल ना?"

"न चालायला काय झालं? तिथं काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा."

"मग मी तीन-तीन अर्ज केले तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही परवानगी मागितलीत, मी अर्ज ठेवून घेतले," ते शांतपणे म्हणाले. "लागते का, हे कुठं विचारलंत?"

ते गेले. तिला हसू आवरेना, आणि हसता हसताच ती आठवू लागली – पंख्याला हात लावू नकोस, असं ताई कधी म्हणाली होती? एकदा तरी?... आठवेना. पावणेसहा वाजले होते. दोरा तिनं ओढून काढला, किल्ली मुठीत धरली आणि फोन लावला.

"ताई, एक विचारायचं होतं –"

"विचार ना."

आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"नाही गं," ती म्हणाली. "सांगायचं होतं. मी खोली घेतेय."

ताई काय म्हणेल याची तिला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण किल्ली मुठीत धरूनच ती दाराकडे निघाली होती; सहाच्या आत घरमालकिणीला कळवायचं होतं.