पाणी आधी कुणी घातलं?

आमच्या फादरांना अख्खी वस्ती ‘बिघाड फादर’ म्हणते, कारण त्यांच्या घरातलं एकही यंत्र धड चालत नाही. आज पंखा, उद्या इस्त्री, परवा मिक्सर. सगळं येतं माझ्या मुलाच्या दुरुस्तीच्या दुकानात. मी त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत शिवणकाम करते, त्यामुळे कोण येतं, काय बोलतं, सगळं माझ्या कानावर असतं.

फादर यायचे आणि स्टुलावर बसायचे. ते स्टूल बिचारं कसं टिकलं देवच जाणे, कारण फादरांचं वजन म्हणजे... जाऊ दे, फादर आहेत, जास्त बोलत नाही. चहा प्यायचे, फुटबॉलवरून माझ्या मुलाशी तावातावाने भांडायचे, शिळे विनोद सांगून स्वतःच खो खो हसायचे. आणि चर्चबद्दल? चकार शब्द नाही!

त्यानेच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझा नवरा गवंडी होता, परांचीवरून पडला. तो हॉस्पिटलात असताना हाच पोरगा तिथल्या जिन्यात गुडघे टेकून प्रार्थना करत बसला होता. बाप गेला तो गेलाच. तेव्हापासून माझ्या मुलाने चर्चमध्ये पाऊल ठेवलं नाही. बापाच्या मिस्सालासुद्धा, म्हणजे चर्चमधल्या शेवटच्या प्रार्थनेलासुद्धा, बाहेर उभा राहिला, सरळ कबरीपाशी आला. मी रडून पाहिलं, ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. तो ढिम्म. आणि ज्या माणसाचं हे कामच आहे, तो मेला चहा पितोय!

एकदा फादरांचा उसवलेला झगा शिवून द्यायला गेले, तर काय बघते? फादर टेबलाशी बसून, जीभ बाहेर काढून, चांगल्या इस्त्रीची वायर स्क्रूड्रायव्हरने उपटतायत.

“फादर! देवाचा माणूस आणि ही लबाडी?”

“लबाडी कसली, बाई?” ते म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते. “त्याच्याकडे जाऊन ‘बिघडलीय’ म्हणणार. आता बघा, खरंच बिघडलीय की नाही?”

“एवढा खटाटोप करता, मग त्याला दोन शब्द सांगत का नाही?”

“सांगणारे पुष्कळ आहेत त्याला,” फादर म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी झगा टेबलावर टाकला आणि तडक घरी आले.

मग माझी नात जन्मली. वेळेच्या कितीतरी आधी, तळहातावर मावेल एवढी. सूनबाई ऑपरेशनच्या गुंगीत, आणि पिटुकली काचेच्या पेटीत. डॉक्टर म्हणाले, “आत्ताच काही सांगता येत नाही.” हॉस्पिटलातल्या लोकांनी हे वाक्य बोलायचं बंद केलं पाहिजे, ऐकणाऱ्याचा जीव तिथेच अर्धा होतो.

आमच्यात बाळ जाईल की राहील अशी वेळ आली, तर फादरांची वाट बघत बसत नाहीत. कुणीही बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं. शब्द बरोबर हवेत, बस. आता मी काय केलं असेल ते तुम्हीच ओळखा. डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली उकळून घेतली, त्यात पाणी भरलं, आणि दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी मला आत सोडल्यावर पेटीच्या भोकातून हात घालून काम उरकलं. कुणाला सांगितलं नाही. मुलाला कळलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

पण पिटुकली जिद्दीची निघाली. माझ्यावर गेलीय. पेटीतून बाहेर आली, घरी आली, बाळसं धरलं, रात्रंदिवस आमची झोप उडवली. मग सूनबाईने चर्चमध्ये रीतसर बाप्तिस्म्याचं काढलं.

“तुला हवं तर कर,” माझा मुलगा तिला म्हणाला. “मी दारापर्यंत येतो. आत येणार नाही, आग्रह करायचा नाही.”

मी त्या दिवशी देवाकडे नातीसाठी काहीच मागितलं नाही. तिला सगळं मिळालं होतं. म्हटलं, देवा, फक्त माझ्या पोराला त्या उंबऱ्याच्या आत आण. एकदाच आण, पुढचं माझं मी बघते.

तर आम्ही आत गेलो आणि तो खरंच दारात थांबला. चौकटीला टेकून, हाताची घडी घालून. फादरांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि पुढे निघाले. मला वाटलं, अहो, काहीतरी बोला की! पण नाही.

बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी फादरांनी बाह्या सावरल्या. मग थांबले.

“पोर पेटीत होती, नाही का? मग हे मी आधीच विचारायला हवं होतं. पाणी आधी कुणी घातलंय का?”

मी पिटुकलीचं टोपडं नीट करायला लागले. पण शेजारी विहीणबाई, सूनबाईच्या आई, खाली मान घालून म्हणाल्या, “मी घातलंय, फादर. तिसऱ्या दिवशी. चमच्याने.”

“तिसऱ्या?” माझ्या तोंडून निघालंच. “मग माझं आधीचं! मी दुसऱ्या दिवशी घातलं!”

“अगं बाई! आणि मला कळवलं नाहीत?”

“तुम्ही मला कळवलंत?”

“मी तिची आजी आहे!”

“मग मी कोण, वाटसरू?”

सूनबाईने कपाळाला हात लावला. फादर हसायला लागले. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी. पिटुकलीसुद्धा रडायची थांबून बघायला लागली.

“बाप्तिस्मा एकदाच होतो, आज्यांनो,” ते कसेबसे म्हणाले. “पहिला तो खरा. दुसरी नुसती अंघोळ.”

मी विहीणबाईंकडे विजयाने पाहिलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

“दोघींचीही अंघोळच.”

फादरांचं हसू थांबलं. त्यांनी कानामागे हात धरला.

“काय म्हणालास? एवढ्या लांबून मला ऐकू येत नाही.”

साफ खोटं! त्यांना शेवटच्या बाकावरचं चॉकलेटचं वेष्टन ऐकू येतं.

माझा मुलगा हलला नाही. फादरही हलले नाहीत. मी डोळे मिटून घेतले. मग चपलांचा आवाज आला. तो बाकांमधून चालत थेट कुंडापाशी आला.

“तिला पेटीत ठेवायच्या आधी,” तो म्हणाला. “नर्स नळ्या लावत होत्या. बेसिनच्या नळाचं पाणी घेतलं, ओंजळीत.”

“आणि शब्द? मला खात्री करावी लागते बाबा, नियम आहे. काय म्हणालास?”

त्याने सूनबाईकडे पाहिलं, मग पिटुकलीकडे. “मी तुला बाप्तिस्मा देतो, पित्याच्या, पुत्राच्या...” पुढे त्याचा आवाज फुटला. फादरांनी घाई केली नाही. विहीणबाईंनी माझा हात धरला, मी सोडवून घेतला नाही. मग त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, “आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.”

“आमेन,” फादर म्हणाले. “झालं तर मग. मी पाणी घालणार नाही, ते घातलेलं आहे. उरलेलं तेवढं करतो.” आणि तेलाची कुपी शोधायच्या निमित्ताने ते बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी मात्र गप्प बसणारी नाही. मुलाचा दंड धरला. “मेल्या, मला का नाही सांगितलंस?”

“तू आनंदाने नाचली असतीस, आई,” तो म्हणाला. “आणि ती जगेल की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा आजूबाजूला कुणी नाचलेलं मला सोसलं नसतं.”

मी त्याचा दंड सोडला.

त्याने सूनबाईच्या हातून लेकीला घेतलं, खांद्यावर टाकलं, आणि हसला. बाप जिवंत असताना हसायचा तसा, दात दाखवून.

“आता नाच,” तो म्हणाला.

आणि मी नाचले. भर चर्चमध्ये, फादरांच्या देखत, विहीणबाईंना ओढून घेऊन.