कडू पाण्याचा निवाडा

मित्रांनो, मी आहे एक जुना पितळी पेला. तांबट आळीत ठोके खात घडलो, आतून रुपेरी कल्हई ल्यालो आणि अनुयाच्या लग्नात तिच्या सामानातून सिंगापुरात आलो. क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये पाहुणे मला हातात घेऊन "काय सुरेख!" म्हणायचे. पुढे कल्हई झिजली. इथे कल्हईवाला कुठला? मी ओट्याच्या कोपऱ्यात उभा राहून घर ऐकू लागलो.

अनुया विद्यापीठात जुन्या कायद्यांचा अभ्यास करते. तिचा नवरा अभय तुआसला बंदरात इंजिनिअर. हल्ली तिचा फोन वाजला, की त्याचा घास तोंडाशीच थांबायचा. त्यात तिच्यासोबत काम करणाऱ्या सौमित्रचं नाव निघालं, तर जेवणच आटपायचं.

रविवारी दुपारी अनुया रंगात येऊन सांगत होती, "प्राचीन इस्राएलात बायकोचा संशय आला की नवरा तिला पुरोहिताकडे न्यायचा. पवित्र पाण्यात देवालयातल्या जमिनीची धूळ घालायची, शाप लिहून ती शाई त्यात धुवायची आणि ते कडू पाणी तिनं प्यायचं. दोषी असली तर पोट फुगणार!"

"बरी सोय होती," अभय म्हणाला.

"म्हणजे?"

"सौमित्रला विचार म्हणजे काय ते."

अनुया ताडकन उठली. "आण पाणी, पिते! काही झालं नाही, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि झालं, तर पुण्याला माहेरी जायचं. कायमचं."

सकाळी घाईत तिनं माझ्यातच लिंबाचं सरबत केलं होतं, ते तसंच उरलेलं. अभयनं देवघराखालची चिमूटभर धूळ त्यात टाकली. मला ओरडावंसं वाटलं. पण पेल्याला काठ असतो, जीभ नसते.

ती अर्धा पेला प्यायली आणि थोड्या वेळानं तोंडावर हात धरून बाथरूमकडे धावली.

अभय पांढराफटक पडला. "अनु... म्हणजे खरंच?"

ती तोंड पुसत आली. "उरलेलं तू पी. तिथे नवऱ्याला कुणी पाजत नव्हतं. आपण पाजू."

तो तावातावानं प्यायला. मग तोही धावला.

"काय रे," ती दाराबाहेरून म्हणाली, "तुझी कोण?"

तो बाहेर आला. त्यानं माझ्यात वाकून बघितलं आणि हिरवट तळ तिला दाखवला. "आंबट सरबत पितळेत कळकलंय गं. याला कल्हईच नाही."

"आणि मला पुण्याला धाडत होतास."

"चुकलो. सौमित्र... रोज कशाला फोन करतो तो?"

"बायको बाळंतपणाला नाशिकला गेलीय त्याची. रोज वरणात पाणी किती घालू, म्हणून फोन करतो. हे काल विचारलं असतंस, तर कालच सांगितलं असतं. आता तुझ्याशी कसं बोलायचं, ते मला ठरवू दे."

त्या रात्री दोघं जेवायला बसली. तिचा फोन वाजला, पण अभयचा घास थांबला नाही.

मित्रांनो, पितळेत आंबट ठेवू नका, आणि भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई करा. माणसाबद्दल शंका आली, तर मात्र त्या माणसालाच विचारा. पोटात ढवळायच्या आधी.