माझं तोंड रुंदच राहणार

“हिचं तोंड बघितलंत का? असल्या तोंडाची इथं फार दिवस टिकायची नाही.”

हे माझ्याबद्दलच बोलणं होतं. खोकं उघडून टँकरवरच्या माणसांनी मला पाहिलं, झाकण पुन्हा लावलं आणि मग बोलले. झाकण लावलं की आतल्याला ऐकू येत नाही, अशी माणसांची समजूत असते.

मी विमानतळावरच्या इंधनाच्या टँकरची नोझल. लांब काळ्या नळीच्या टोकाला मला बसवतात. विमानाच्या पंखावर एक झाकण असतं, ते उघडून मला आत घालतात आणि सगळं इंधन माझ्या तोंडातून टाकीत जातं.

माझ्या बहुतेक बहिणींची तोंडं गोल आणि बारीक. माझं मात्र साच्यातच चपटं आणि रुंद केलेलं, थेट बदकाची चोच. कारखान्यात तपासणीला एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी एक छोटी पोलादी कडी घेतली, मला तिच्यात घालून पाहिलं, मग तिरकं करून, मग जोर लावून. मी गेले नाही. तेव्हा कुठे त्यांनी माझ्यावर पसंतीचा शिक्का मारला. न बसण्याची परीक्षा देऊन पास झालेली मी.

कारण सरळ आहे. मोठ्या किंवा नव्या घडणीच्या इंजिनांची विमानं जेटचं इंधन पितात, म्हणजे रॉकेलाच्या जातीतलं. लहान, जुन्या घडणीच्या इंजिनांना पेट्रोल लागतं. पेट्रोलच्या विमानात चुकून रॉकेल गेलं तर लगेच काही होत नाही, हीच त्यातली मेख. नळ्यांत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होतं, विमान धावतं, उडतंही. मग उरलेलं संपतं, आणि तेव्हा खाली जमीन असेलच असं नाही. म्हणून पेट्रोलच्या टाकीचं भोक लहान ठेवतात आणि जेटच्या नोझलचं तोंड रुंद. कुणाचं लक्ष नसेल तेव्हा माझ्या तोंडानं नाही म्हणायचं, एवढ्यासाठी माझा जन्म.

ज्या टँकरवर मी आले त्यावर उस्तादांचं राज्य होतं. तीस वर्षं इंधन भरणारा माणूस. सगळे त्यांना उस्तादच म्हणत. विमान नुसतं वळताना पाहिलं तरी त्याला किती लागणार ते सांगत, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत. बहुतेक वेळा बरोबर असणारा माणूस फार धोक्याचा. त्याला कुणी विचारत नाही.

टँकरच्या खणात माझी एक जाऊबाई राहायची. बारीक, गोल तोंडाची. एका जुन्या हेलिकॉप्टरला जेटचं इंधन लागायचं पण टाकीचं तोंड अरुंद, तेवढ्यापुरती तिला लावायची असा नियम होता. पण ती कुठेही बसायची. रुंद भोकात बसायची, अरुंदात बसायची. स्वभावानं गरीब, कुणाला कधी नाही म्हटलं नाही, अशी तिची कीर्ती. मग एकदा लावलेली जाऊबाई काढायची कुणाला आठवण? मी चिंध्या आणि फुटका टॉर्च यांच्या शेजारी खणात पडून राहिले. सात महिने. टँकरवर परवलीचं वाक्यच होतं, “बसत नाही? बारीक लाव.”

मग उस्तादांची सून कामाला आली. लग्नाला दोन महिने झाले होते, इंधन भरण्याचं प्रशिक्षण लग्नाआधीचं होतं आणि नेमणूक नेमकी सासऱ्यांच्याच टँकरवर. मुलगी बोलायची कमी. घरात आणि टँकरवर सारखीच हो बाबा, बरं बाबा. पण पहिल्याच दिवशी तिनं खणाच्या आडव्या उघडणाऱ्या दारावर आतून चिकटवलेला नियमांचा कागद वाचला. तो इतकी वर्षं फक्त डबा टेकवायला वापरत. दुसऱ्या दिवशी मी नळीच्या टोकाला होते.

उस्ताद हसले. म्हणाले, सूनबाई, हेलिकॉप्टर आलं की परत काढावी लागेल, कशाला हात दुखवून घेतेस. ती म्हणाली, काढू की. आणि काढायची. आणि हेलिकॉप्टर गेलं की न बोलता मला परत लावायची. इतरांना हे नवीन नवरीचं खूळ वाटलं. एकानं विचारलं, घरीही भांडी अशीच परत परत जागेवर ठेवतेस का? ती म्हणाली, हो, आणि सापडतात.

आता त्या दिवसाबद्दल.

रोज सकाळी सव्वानऊला एक नऊ आसनी विमान बेटाकडे जायचं. पांढरं, शेपटीवर हिरवा पट्टा, जेटच्या इंधनावर चालणारं. त्या दिवशी ते दुरुस्तीला गेलं होतं आणि कंपनीनं त्याच्या जागी तसलंच जुनं विमान पाठवलं. तोच पांढरा रंग, तोच हिरवा पट्टा, आतली इंजिनं मात्र पेट्रोलची. वैमानिक चिठ्ठी ठेवून चहाला गेला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘रोजच्याप्रमाणे, दोन्ही पंख पूर्ण’. उस्तादांनी चिठ्ठी वाचली, पट्टा पाहिला आणि टँकर लावला.

सून शिडीवर चढली, झाकण उघडलं, मला आत घातलं. मी अडले. तिनं मला फिरवलं. मी अडले. तिला वाटलं माझ्या कडेला काही चिकटलंय, तिनं फडक्यानं पुसलं, पुन्हा लावलं. माझी कड त्या भोकावर घासली, कच्चकन ओरखडा उठला. दुखलं. पण मी एक बोटभरही आत गेले नाही.

“बाबा, बसत नाहीये.”

“बारीक लाव,” खालून उस्ताद म्हणाले. “पाच मिनिटं उशीर झालाय.”

प्रवासी काचेपलीकडे रांगेत उभे होते. एक आजी गुडघ्याएवढं रोप हातात घेऊन. एक जोडपं, खिडकीची जागा कुणाला यावरून कुजबुजत भांडणारं. सून शिडीवरून उतरली, खणापर्यंत गेली, जाऊबाईला हातात घेतलं. मला वाटलं, संपलं. इतकं अडून काय उपयोग, अडलेल्याला बाजूला करायला एक हात पुरतो.

पण ती थांबली. जाऊबाई तशीच हातात धरून परत शिडीवर चढली, पंखावर आडवी झाली आणि झाकणाशेजारचा पट्टा अंगठ्यानं घासू लागली. बुटांनी, उन्हानं, तेलानं तो मातकट झाला होता. खालून हळूहळू लाल रंग वर आला आणि अक्षरं. फक्त पेट्रोल.

ती काही ओरडली नाही. खाली आली आणि उस्तादांचा हात धरून त्यांना शिडीपर्यंत घेऊन गेली. सासऱ्यांचा हात तिनं पहिल्यांदाच धरला असावा. त्यांनी वर चढून वाचलं. मग वरूनच काचेकडे बघून प्रवासी मोजले. आठ, आणि वैमानिक नववा. दोनदा मोजले.

पेट्रोलचा टँकर आला, विमान चाळीस मिनिटं उशिरा गेलं आणि बेटावर सुखरूप उतरलं.

आज मी त्याच नळीवर आहे. कडेला तो ओरखडा आहे. इंधन विभागाच्या साहेबांनी कानशीनं घासून गुळगुळीत करू का विचारलं होतं, सून नको म्हणाली. माझं सांगणं तुम्हा सगळ्यांना एवढंच, की एखादी गोष्ट बसत नसेल तर आधी तिच्यावर जोर लावू नका. ती आडमुठी नसेल. कदाचित ती एकटीच शुद्धीवर असेल. मला कापून, घासून, गोल करून बघा; पण ज्या दिवशी मी त्या भोकात जाईन, तो शेवटचा दिवस माझा नसेल, तुमचा असेल.

पण संध्याकाळचं राहिलंच. पाळी संपताना साहेब टँकरपाशी आले. एक थेंबही आत गेला नाही, विमान गेलं, माणसं पोचली, मग अहवालात लिहायचं तरी काय, असं त्यांचं म्हणणं. उस्तादांच्या तीस वर्षांवर उगीच डाग. आणि सुनेकडे वळून म्हणाले, घरातली गोष्ट घरात राहू दे.

उस्ताद मान खाली घालून हातमोजे काढत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सुनेनं मला पुसून जागेवर अडकवलं, हात फडक्याला पुसले आणि आल्यापासून पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“साहेब, काही झालं नाही म्हणूनच लिहायचं. झाल्यावर लिहायला आपल्यातलं कुणी लागत नाही, बाहेरची माणसं येऊन लिहितात. बाबा चुकले हे मी लिहिणार आहे. मी दोनदा जोर लावला हेही लिहिणार आहे. आणि ते बारीक तोंड आता माझ्या पिशवीत आहे. ज्याला हवं असेल त्यानं आधी झाकणाशेजारचं मला मोठ्यानं वाचून दाखवायचं. बाबा, तुम्हीसुद्धा.”