माझी दुसरी वाट

मित्रांनो, मी गिटारचा एक जुना अँप्लिफायर आहे. तारांचा बारीक आवाज मोठा करायचा, हेच माझं काम. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत. ते नीट तापले की मगच मला कंठ फुटतो. त्यामुळे घायकुत्या माणसांशी माझं पटत नाही.

मला दोन चॅनल आहेत, म्हणजे आवाजाच्या दोन वाटा. प्रत्येकीला वायर खुपसायला दोन भोकं. माझ्या मालकांनी, म्हणजे बाबांनी, आयुष्यभर पहिलीच वाट वापरली. लोक म्हणायचे, "काय आवाज आहे!" मी फुलून जायचो. पुढे बाबांची बोटं आखडली, गिटार कपाटावर गेली आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले.

मग त्यांची मुलगी स्वतःची नवी गिटार वाजवू लागली. तिच्याकडे पायाने दाबायची पेडलं होती. कुठलं आवाज घुमवायचं, कुठलं थरथरवायचं. सगळी एकाच वाटेत कोंबली की नुसता चिखल व्हायचा. शनिवारी तिचा पहिला कार्यक्रम होता.

"बाबा, हा विकून नवा घेऊ या."



"अगं, एकदा दोन्ही चॅनल लावून तर बघ," बाबा म्हणाले.

तिने गिटारचा आवाज दोन वायरींत विभागला. पहिल्या वाटेत साधा आवाज, दुसरीत पेडलांमधून घुमून आलेला. आणि निघाला काय, तर पोकळ, मरतुकडा सूर! त्याचं कारण मला ठाऊक होतं. माझ्या दुसऱ्या वाटेवर एक टप्पा जास्त आहे, तिथे आवाज उलटा होतो. एक वाट स्पीकरला पुढे ढकलते, तेव्हा दुसरी मागे ओढते. पण मी सांगणार कसं?

"गेला हा कामातून," मुलगी म्हणाली.

बाबांनी खणातून आपलं गंजकं पेडल काढलं. "हे साध्या आवाजाला लाव. जरा धार येईल."

"बाबा, हे तर तुझ्याहून म्हातारं आहे!"

"लाव तर खरं."

ते पेडलही आवाज उलटा करतं, हे बाबांच्या गावीही नव्हतं. आता दोन्ही वाटा एकाच दिशेने निघाल्या. खिडकीची तावदानं थरथरली. मुलगी बघतच राहिली.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती पुसा आणि पुरती वापरून बघा. आमच्यात काय काय शिल्लक आहे, ते आम्हाला बोलून दाखवता येत नाही.

"शनिवारी हाच न्यायचा," मुलगी म्हणाली. मग तिने माझ्यावर बोट ठेवलं. "आणि बाबा, इथे पहिल्या चॅनलला अजून एक भोक रिकामं आहे."

बाबांनी आखडलेली बोटं चोळली. मग उठले आणि कपाटापाशी खुर्ची ओढली.